शेजाऱ्याच्या रिमोटवर आपली मोटर सुरू होते तेव्हा: मोफत सॉफ्टवेअरने रेडिओ कोड कसा तपासावा

वरुड तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदाराच्या मुलाचा प्रश्न आहे. विहिरीवरच्या मोटरला त्यांनी बाजारातलं रिमोट स्टार्टर किट बसवलंय. धुऱ्यापलीकडच्या काकांनी त्यांचा रिमोट दाबला की अधूनमधून यांचीही मोटर सुरू होते. कोणी मुद्दामही असं करू शकेल का? युनिव्हर्सल रेडिओ हॅकर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने हे तपासता येतं असं त्याने ऐकलंय, ते चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर चालेल का? हॅकआरएफ, म्हणजे रेडिओ लहरी ऐकणारं आणि सोडणारंही यंत्र, घ्यावा लागेल का? आणि हे सगळं कायद्यात बसतं का?

आधी थेट उत्तर देतो. हो, मुद्दाम करता येतं. लॅपटॉप चालेल. हॅकआरएफ घेऊ नका. तुमच्या कामाला फक्त ऐकणारं यंत्र पुरतं. एखादी रेडिओ यंत्रणा कच्ची आहे हे दाखवायला बहुतेक वेळा काहीही प्रक्षेपित करावं लागत नाही, आणि प्रक्षेपण केलं नाही की कायद्याचे निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

पण लॅपटॉप उघडायच्या आधी एक काम करा. हा दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत विहिरीत उतरताना, फूटव्हॉल्व्ह काढताना किंवा केबलला हात लावताना स्टार्टर बंद करून भागणार नाही. मेन स्विच पाडा, कटआउट काढून खिशात ठेवा, मगच हात लावा. मोटर भलत्या वेळी सुरू झाली आणि विहिरीत पाणी नसलं तर मोटर जळेल, रिवाइंडिंगचे पैसे जातील. पण खाली माणूस असताना ती सुरू झाली तर काय होईल ते सांगायला नको. तुमच्या भागात विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात, म्हणजे दोन्ही गोष्टी शक्य आहेत.

दुसरं, हा खरंच रिमोटचा दोष आहे ना हे बघून घ्या. बऱ्याच पॅनेलना ऑटो स्विच असतो आणि लाईन आली की मोटर आपोआप चालू होते. रात्री दोनला थ्री फेज आली, मोटर सुरू झाली, सकाळी शेजाऱ्यावर आळ, हे प्रकार गावोगावी होतात. ऑटो बंद ठेवा. शेजारच्या काकांना समोर उभं करून रिमोट दाबायला सांगा, आणि तेव्हाच मोटर सुरू होते का ते पाहा. झाली, तरच पुढचं वाचा.

आता रिमोट उघडा. आत एक आयसी असेल. त्यावर २२६२ असा आकडा दिसला आणि रिसीव्हरच्या पाटीवर २२७२, तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. या जोडीत पत्त्याचे आठ पाय असतात. प्रत्येक पाय प्लसला जोडायचा, मायनसला जोडायचा किंवा सुटा सोडायचा. म्हणजे तीनचा आठवा घात, ६,५६१ पत्ते. रिमोटवरचे आठ आणि रिसीव्हरवरचे आठ जुळले की काम होतं. अडचण अशी की अनेक स्वस्त किट कारखान्यातून सगळे पाय सुटे ठेवूनच बाहेर पडतात. दुकानदाराने एकाच पेटीतले दहा किट दहा कास्तकारांना विकले, तर ती एकाच चावीची दहा कुलपं झाली. तुमच्या आणि काकांच्या बाबतीत माझा पहिला संशय हाच आहे.

कधी आयसीवरचा नंबर घासून काढलेला असतो, कधी आयसीच्या जागी नुसता काळा डांबरासारखा थेंब असतो. मग पाटीवर बघून काही कळत नाही, हवेतला सिग्नलच वाचावा लागतो. इथे सॉफ्टवेअर कामाला येतं.

सामान फार नाही. आरटीएल-एसडीआर डोंगल घ्या. मूळचा हा टीव्ही बघण्यासाठीचा यूएसबी डोंगल, आत आरटीएल२८३२यू ही चिप. या चिपमधून कच्चे रेडिओ नमुने थेट संगणकात घेता येतात हे २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं आणि तेव्हापासून स्वस्तातला रेडिओ अभ्यास याच्यावर उभा आहे. आर८२०टी ट्यूनर असलेला डोंगल साधारण २४ ते १,७६६ मेगाहर्ट्झ ऐकतो, त्याला पाठवता काहीच येत नाही. तुमचा रिमोट बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर असेल. तो ऐकायला अँटेना म्हणून पाव तरंगलांबीची तार लागते, साधारण १७ सेंटिमीटर. डोंगलसोबत येणारा अँटेना तेवढा ओढला तरी पुरे. वेगळा अँटेना विकत घ्यायची गरज नाही.

डोंगल लावल्यावर पहिली अडचण जवळपास सगळ्यांना येते. लिनक्समध्ये कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, टीव्हीवाला ड्रायव्हर डोंगल आधीच बळकावून बसतो, त्याला ब्लॅकलिस्ट करावं लागतं, म्हणजे तो सुरूच होऊ द्यायचा नाही. विंडोजमध्ये झाडिग नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने विनयूएसबी ड्रायव्हर बसवावा लागतो. हे झालं नाही तर सॉफ्टवेअर 'यंत्र सापडलं नाही' एवढंच म्हणत राहतं आणि माणसाला वाटतं डोंगलच खराब निघाला. गावात नेटचा भरवसा नसेल तर तालुक्याला किंवा अमरावतीला गेल्यावर ड्रॅगनओएस उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. ही लुबुंटू नावाच्या लिनक्सवर बेतलेली, पेनड्राइव्हवरूनच चालणारी लिनक्स आहे. रेडिओची बहुतेक मोफत साधने त्यात आधीच बसवलेली असतात, लॅपटॉपमधल्या विंडोजला धक्का लागत नाही.

साधने अनेक आहेत. कोणतं कशासाठी, तेवढंच सांगतो. एसडीआर++ किंवा जीक्यूआरएक्स यात नुसता धबधबा दिसतो, म्हणजे कोणत्या वारंवारितेवर कधी काय उमटलं त्याचं सरकतं चित्र. रिमोट नेमका कुठे बोलतो ते शोधायला हे पुरेसं. इन्स्पेक्ट्रम हे साठवलेली फाइल निवांत बघायला आणि पल्स (सिग्नलचे छोटे ठोके) मोजायला छान आहे, हलकंही आहे. ग्नू रेडिओ २००१ पासून आहे आणि त्यात जवळपास काहीही बांधता येतं. पण तुम्हाला रिमोट वाचायचाय, रेडिओ अभियांत्रिकीची पदवी घ्यायची नाही, तेव्हा आत्ता त्याच्या नादी लागू नका. तुम्हाला हवीत दोनच, आरटीएल-४३३ आणि युनिव्हर्सल रेडिओ हॅकर. दुसऱ्याला सगळे यूआरएच म्हणतात.

आरटीएल-४३३ हा नुसत्या काळ्या पडद्यावर चालणारा प्रोग्रॅम. हवामान यंत्रं, टायरचे सेन्सर, रिमोट अशा दोनशेहून जास्त उपकरणांची भाषा त्याला येते. तो आपोआप ४३३.९२ वर जाऊन बसतो. २२६२ आणि ईव्ही१५२७ जातीच्या रिमोटांसाठी त्याच्यात आधीच डिकोडर आहे, त्यामुळे बटण दाबताच पत्ता पडद्यावर येण्याची चांगली शक्यता आहे. मात्र त्याने दिलेल्या नावावर लगेच विश्वास ठेवू नका. हे कोड इतके साधे असतात की भलत्याच उपकरणाचं नाव दिसू शकतं. मी त्याच्या नावापेक्षा पल्सची मोजमापं देणारा विश्लेषणाचा पर्याय जास्त वापरतो. लहान पल्स किती मायक्रोसेकंदाची, मोठी किती, मधली शांतता किती. हे आकडे वहीत उतरवून ठेवा, यूआरएचमध्ये उपयोगी पडतील.

यूआरएच जर्मनीतल्या श्ट्रालझुंडच्या विद्यापीठात योहानेस पोल आणि आंद्रेआस नोआक यांनी तयार केलं. २०१८ मध्ये युझनिक्स संस्थेच्या वूट या संगणक सुरक्षेच्या परिषदेत त्यावर त्यांचा निबंध आला. कोड पायथनमध्ये, परवाना जीपीएल, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा. रेकॉर्डिंगपासून बिट काढणे, बिटांचा अर्थ लावणे, बदललेला संदेश तयार करणे, दोन यंत्रांमधल्या संवादाची नक्कल करणे हे सगळं एकाच खिडकीत होतं. त्यातल्या इंटरप्रिटेशन आणि अ‍ॅनालिसिस या पहिल्या दोन टॅबमध्येच तुमचं काम आहे. जनरेटर आणि सिम्युलेटर प्रक्षेपणासाठी, ते आत्ता विसरा.

रेकॉर्डिंग वावरात नको, घरात करा. ४३३.९२ वर ट्यून, सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) दहा लाख, रिमोट डोंगलपासून दोन-तीन मीटर लांब. अँटेनाला चिकटवून दाबला तर सिग्नल इतका जोराचा होतो की पल्सचे माथे कापले जातात आणि मोजमाप बिघडतं. गेन, म्हणजे सिग्नल वाढवायचं प्रमाण, कमी ठेवा. या दराने कच्ची फाइल सेकंदाला दोन एमबी भरते, म्हणजे दहा सेकंदांची वीस. तुमच्या लॅपटॉपला जड नाही, पण रेकॉर्डिंग चालू ठेवून चहाला जाऊ नका. सिग्नल बरोबर ४३३.९२ वर दिसणार नाही, थोडा बाजूला दिसेल. स्वस्त डोंगलचा स्फटिक ५० पीपीएमने (दहा लाखांत ५०) चुकला तरी इथे २१-२२ किलोहर्ट्झचा फरक पडतो, आणि रिमोटही अचूकतेसाठी प्रसिद्ध नाहीत. मे महिन्यात तर दोन्ही आणखी सरकतील. बरोबर ४३२.० वर एक स्थिर रेघ दिसली तर तिच्या मागे लागू नका. डोंगलच्या आतल्या २८.८ मेगाहर्ट्झ स्फटिकाची ती पंधरावी पट आहे. रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन जवळ असेल आणि तार गवताला टेकून ठिणग्या मारत असेल, तर साधारण सेकंदाला एक या हिशोबाने धबधब्यावर आडवे पट्टे उमटतात. त्याचाही रिमोटशी संबंध नाही.

फाइल इंटरप्रिटेशनमध्ये उघडा, मॉड्युलेशन एएसके (लहरीची ताकद कमी-जास्त करून माहिती पाठवायची पद्धत) निवडा. आता चित्र मोठं करत न्या. एका दाबात एकसारखे अनेक तुकडे दिसतील, मध्ये ठरावीक शांतता. एक तुकडा आणखी मोठा केला की लहान आणि मोठ्या पल्स वेगळ्या दिसतात. लहान पल्स ३५० मायक्रोसेकंदाची धरू. तुमची २५० असेल नाहीतर ५००, प्रमाण तेच राहतं. मोठी तिच्या तिप्पट. दोन तुकड्यांमध्ये एक लहान पल्स आणि तिच्या ३१ पट शांतता. सगळं मिळून एक तुकडा १२८ लहान पल्सइतका लांब, म्हणजे ४४.८ मिलिसेकंद. म्हणून बटण सेकंदभर दाबलं तर बावीसेक तुकडे मिळतात. दहा लाखांच्या दराला ३५० मायक्रोसेकंद म्हणजे ३५० नमुने. एका चिन्हाचे नमुने विचारणाऱ्या खान्यात हाच आकडा भरा. यूआरएच स्वतः अंदाज लावतं आणि तो बहुतेक वेळा ठीक असतो, पण गोंगाट असला की चुकतो. म्हणूनच वहीतली मोजमापं हाताशी हवीत.

आता खालच्या खिडकीत हेक्स बघा, म्हणजे दर चार बिटांना एक अक्षर. १ म्हणजे सिग्नल, ० म्हणजे शांतता. खरी मजा इथे आहे. लहान पल्स आणि लांब शांतता म्हणजे १०००, हेक्समध्ये ८. लांब पल्स आणि लहान शांतता म्हणजे १११०, हेक्समध्ये ई. २२६२ चिप प्रत्येक पायासाठी अशा दोन अक्षरांची एक जोडी पाठवते. पाय मायनसला असेल तर ८८, प्लसला असेल तर ईई, सुटा असेल तर ८ई. बारा जोड्यांपैकी पहिल्या आठ पत्त्याच्या, शेवटच्या चार बटणाच्या. पडद्यावर ८ई ८ई ८ई अशी सलग आठ वेळा रांग दिसली, तर समजा की कारखान्याने एकही पाय जोडलेला नाही. काकांच्या रिमोटचीही तीच रांग आली तर प्रश्न सुटला.

ई८ अशी जोडी दिसली तर गोष्ट वेगळी. २२६२ ती कधीच पाठवत नाही. मग तुमचा रिमोट ईव्ही१५२७ किंवा त्याच्या भाईबंदांपैकी आहे. (एखाद्या रिमोटात ई८ योगायोगानेही नसेल, म्हणून दोन-तीन रिमोट बघा.) या जातीत वीस बिटांचा पत्ता कारखान्यातच भरलेला असतो, १०,४८,५७६ शक्यता, आणि रिसीव्हरला बटण दाबून रिमोट शिकवावा लागतो. दोन रिमोटांचे पत्ते योगायोगाने जुळणं इथे अवघड. तरीही काकांचा रिमोट चालत असेल, तर बसवणाऱ्या मेकॅनिकने तपासणी करताना तो तुमच्या रिसीव्हरला चुकून शिकवला असण्याची शक्यता जास्त. रिसीव्हरची स्मृती पुसा आणि फक्त तुमचे रिमोट नव्याने शिकवा.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची. तोच रिमोट, तेच बटण, आज पाच वेळा दाबा, उद्या पुन्हा पाच वेळा. सगळी रेकॉर्डिंग अ‍ॅनालिसिसमध्ये एकाखाली एक घ्या, पहिला संदेश संदर्भ म्हणून ठेवा आणि फरक दाखवायला सांगा. फरक शून्य आला, म्हणजे कोड स्थिर आहे. मग तुमच्या बांधावर उभा राहून कोणीही तो एकदा टिपून घ्यावा आणि पाहिजे तेव्हा परत सोडावा. इतकं झालं की दोष सिद्ध. प्रत्यक्ष सोडून दाखवायची काही गरज नाही. उलट प्रत्येक दाबाला संदेशाचा मोठा भाग पूर्ण बदलत असेल तर तो रोलिंग कोड. उदाहरणार्थ एचसीएस३०१ चिपच्या ६६ बिटांपैकी ३२ बिट दर दाबाला बदलतात, उरलेले स्थिर. या चिपमधली कीलॉक नावाची पद्धत संशोधकांनी २००८ मध्येच फोडून दाखवली आहे. पण तुमच्या मोटरीसाठी ती फोडायला कोणी प्रयोगशाळा घेऊन वावरात येणार नाही. स्थिर कोडपेक्षा ती कितीतरी बरी.

आता उपाय. २२६२ निघाली तर रिमोट आणि रिसीव्हर दोन्हीकडे पायांची जोडणी सारखीच बदला, दोन-चार पाय प्लसला, काही मायनसला, काही सुटे. बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न लागेल. गावातला मोबाईल दुरुस्तीवाला पाच मिनिटांत करून देईल. शेजाऱ्याचा त्रास याने थांबेल. मुद्दाम करणारा याने थांबणार नाही. तो टिपून घेईल किंवा ६,५६१ पत्ते ओळीने सोडेल. प्रत्येक पत्ता चार वेळा पाठवला तरी हे काम वीस मिनिटांचं आहे. म्हणून मोटर मोठी असेल किंवा गावात भांडण असेल तर रोलिंग कोडचा रिसीव्हर घ्या. त्याहून आधी ड्राय रन संरक्षण बसवा. पाणी नसताना मोटर बंद करणारं यंत्र कोड कोणाचा होता हे विचारत नाही.

मोबाईलवर फोन करून सुरू होणारा स्टार्टर असेल तर वरचं काहीही लागू नाही. तो मोबाईल कंपनीच्या जाळ्यावर चालतो, त्या लहरींच्या वाटेला जाऊच नका. तिथे बघायचं ते एवढंच: फक्त नोंदवलेल्या नंबरांचेच फोन घेतले जातात का, आणि सेटिंग बदलायचा पासवर्ड अजून पुस्तिकेत छापलेलाच आहे का. बहुतेक ठिकाणी छापलेलाच असतो. ८६५-८६८ मेगाहर्ट्झवरचे लोरा स्टार्टर हा आणखी वेगळा विषय. लोरा ही फक्त लहरींवर माहिती चढवायची पद्धत आहे, गुप्तता त्यात आपोआप येत नाही. लोरावर उभ्या असलेल्या लोरावॅन या जाळ्यात एईएस-१२८ हे संदेश गुप्त करणारं कुलूप असतं, पण दोन स्वस्त मॉड्यूल थेट जोडले असतील तर संदेश उघडाही असू शकतो. यूआरएच इथे चालत नाही. इथे मात्र ग्नू रेडिओसारखं साधन लागतं.

कायद्याबद्दल मोजकंच सांगतो, मी वकील नाही. ४३३-४३४ आणि ८६५-८६८ मेगाहर्ट्झ हे पट्टे आपल्याकडे कमी शक्तीच्या उपकरणांना वेगळ्या परवान्याशिवाय खुले आहेत, पण ही सूट ठरलेल्या मर्यादेतल्या, मान्यताप्राप्त उपकरणांना आहे. हॅकआरएफने काहीही सोडायला ती लागू होत नाही. घेऊ नका म्हणालो त्यामागे पैशांइतकंच हेही कारण आहे. स्वतःचा रिमोट स्वतःच्या घरात वाचा. काकांचा वाचायचा तर त्यांना विचारून, त्यांच्यासमोर. दुसऱ्यांचे संदेश अनधिकृतपणे टिपणे हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार गुन्हा आहे. सिग्नल दाबून टाकणारे जॅमर तर सरकारी परवानगीशिवाय बाळगूही नयेत, मग दुकानदार काहीही सांगो.

निष्कर्ष किट बनवणाऱ्याला लेखी कळवा: आयसीचा नंबर, पल्सची मोजमापं, पाच दाबांची तुलना. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यूआरएचचा स्क्रीनशॉट मात्र टाकू नका. पडद्यावरची ती हेक्सची रांगच तुमच्या मोटरचा कोड आहे. ग्रुपवर एवढंच सांगा की ज्यांच्याकडे हे किट आहे त्यांनी पाय तपासून घ्या.

रिमोट उघडल्यावर आयसीचा नंबर कळवा. रिसीव्हरवर २२७२ असेल तर त्यापुढे एल आहे की एम तेही बघा. एम असेल तर रिले (रिसीव्हरवरचा चालू-बंद करणारा स्विच) बटण दाबलं असेपर्यंतच टिकतो, एल असेल तर दुसरं बटण दाबेपर्यंत तसाच राहतो. त्यावरून ड्राय रनचं यंत्र पॅनेलमध्ये कुठे जोडायचं ते सांगता येईल.